दोन वाटाडे

दिवाळीची सुटी जवळ आली की आमच्या घरी प्रवासाचे बेत सुरू होतात आणि भाऊबीज उलटली की ते आपोआप संपतात. कुणी महाबळेश्वर म्हणते, कुणी हरिहरेश्वर. तेवढ्यात चकल्यांचा डबा तळाला जातो आणि शाळा उघडते. अशा घरबशा माणसाने विलायतेतल्या प्रवासमार्गदर्शक पुस्तकांवर टीकालेख लिहावा, हा आगाऊपणाच. पण माझे म्हणणे असे की, मार्गदर्शक पुस्तक हे शेवटी पुस्तकच असते. गाव पाहिले नाही तरी गाव दाखवणाऱ्या माणसाची पारख करता येते; किंबहुना गाव डोळ्यांपुढे नसल्यामुळे त्या माणसाकडेच अधिक लक्ष जाते.

माझा एक जुना विद्यार्थी मँचेस्टरला असतो. गेल्या उन्हाळ्यात तो घरी आला तेव्हा, “सर, तुम्हांला डोंगर आवडतात ना?” म्हणत त्याने दोन पुस्तके माझ्या हातात ठेवली. दोन्ही एकाच मुलखावरची. इंग्लंडच्या वायव्येला ‘लेक डिस्ट्रिक्ट’ नावाचा सरोवरांचा आणि डोंगरांचा प्रदेश आहे. डोंगर काही फार मोठे नव्हेत. त्यांतले सर्वांत उंच शिखर स्काफेल पाइक ९७८ मीटर, म्हणजे आपल्या १६४६ मीटरच्या कळसूबाईच्या जेमतेम छातीला लागेल. पण ह्या चिमूटभर मुलखाने अडीचशे वर्षे इंग्रज लेखकाला स्वस्थ बसू दिलेले नाही. पहिले पुस्तक कवी विल्यम वर्ड्‌स्वर्थचे. दुसरे आल्फ्रेड वेनराइट ह्या केंडल नगरपालिकेच्या खजिनदाराचे. माझे इंग्रजी शाळेपुरते, त्यामुळे शब्दकोश मांडीवर घेऊन दोन्ही सावकाश वाचली. ह्या वाचनात सावकाशपणाचा फायदाच झाला.

वर्ड्‌स्वर्थच्या आधीची परिस्थिती ध्यानात घेतल्याशिवाय त्याच्या पुस्तकाचे मोल कळणार नाही. १७७८ मध्ये टॉमस वेस्ट ह्या धर्मगुरूने ह्या प्रदेशाची मार्गदर्शिका काढली. तीत त्याने उभे राहण्याच्या जागाच नेमून दिल्या होत्या: येथे थांबा, तिकडे पाहा. रसिक प्रवासी त्या काळी बरोबर एक काळसर, फुगीर आरसा बाळगत. क्लोद लोरँ ह्या चित्रकाराच्या नावाने तो ओळखला जाई. सरोवराकडे पाठ करायची आणि आरशात त्याचे चित्रासारखे प्रतिबिंब पाहायचे, अशी रीत! कवी टॉमस ग्रे १७६९ मध्ये असा आरसा उघडून चालत असताना चिखलाच्या वाटेवर उताणा पडला आणि बोटांची पेरे सोलवटून बसला. ह्याला हसण्यापूर्वी आपण थोडे थांबावे. आज कड्याच्या टोकाशी उभे राहून, दरीकडे पाठ करून मोबाइलमध्ये स्वतःचे तोंड पाहणारी मंडळी निराळे काय करतात?

वर्ड्‌स्वर्थने प्रवाशाच्या हातातला हा आरसा काढून घेतला. त्याचा मजकूर १८१० मध्ये दुसऱ्याच्या चित्रांना जोड म्हणून, तोही नावाशिवाय, प्रथम छापला गेला. १८२२ मध्ये तो स्वतंत्र पुस्तकरूपाने निघाला आणि १८३५ मध्ये त्याची पाचवी आवृत्ती झाली. मुलखाचे वर्णन सुरू करताना तो वाचकाला दोन शिखरांच्या मध्ये एका ढगावर उभे करतो आणि खाली पाहायला सांगतो: चाकाच्या तुंब्यातून आरे निघावेत तशा दऱ्या चोहोकडे निघाल्या आहेत. वर्गात भूगोल शिकवणाऱ्याने ह्या एका प्रतिमेसाठी त्याला नमस्कार करावा. पुढे निसर्गाने घडवलेला प्रदेश, माणसाने त्याला दिलेले रूप आणि नव्याने येऊन राहिलेल्यांनी चालवलेली नासाडी, अशा तीन पायऱ्यांनी तो जातो. जमिनीतून उगवल्यासारखी दिसणारी दगडी घरे त्याला प्रिय. डोंगरउतारावर लावलेले लार्चचे मळे आणि लांबून डोळ्यांत खुपणारी पांढरीशुभ्र घरे त्याला नकोशी. येथे डोंगर आणि डोंगरात राहणारा मेंढपाळ वेगळे काढता येत नाहीत, हे त्याने ओळखले. त्या काळच्या मार्गदर्शिकेत ही समज मोठीच म्हटली पाहिजे.

मॅथ्यू आर्नल्डने १८७९ मध्ये एक गोष्ट सांगितली आहे. एका पाद्र्याने वर्ड्‌स्वर्थला विचारले, ह्या मार्गदर्शिकेखेरीज तुम्ही आणखी काही लिहिले आहे काय? कवीने विनयाने उत्तर दिले की होय, थोडी पद्यरचनाही केली आहे. लेखकाने हे वाचून हसावे की रडावे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पण दारात उभा राहून सर्वांना बोलावणारा हाच कवी १८४४ मध्ये दार लावून घ्यायला धावला. केंडलहून विंडरमियरला आगगाडी नेण्याचा बेत ठरत होता. त्याने त्याविरुद्ध सुनीत लिहिले, ‘मॉर्निंग पोस्ट’ पत्रात पत्रे लिहिली. आक्षेप नुसत्या धुराला नव्हता. गिरणीमालकांनी आपल्या कामगारांना गाडीत भरून सहलीला आणावे, हे त्याला रुचत नव्हते. अशा सौंदर्याची आवड उपजत नसते, ती हळूहळू जोपासावी लागते. एक दिवसाच्या गर्दीने पाहणाऱ्याचेही भले होणार नाही आणि प्रदेशाचेही, असा त्याचा युक्तिवाद. गाडी तरीही १८४७ मध्ये आलीच. त्या सुनीतात त्याने ऑरेस्ट हेड ह्या टेकडीवरून दिसणाऱ्या देखाव्याची दुहाई दिली आहे. विंडरमियर स्टेशनाच्या डोक्यावरच ही टेकडी आहे.

आता ह्याच टेकडीवर मला वाचकांना पुन्हा न्यायचे आहे, पण शहाऐंशी वर्षांनंतर. १९३० मध्ये लँकाशायरमधल्या ब्लॅकबर्न ह्या कापडगिरण्यांच्या गावचा एक तेवीस वर्षांचा कारकून आठवड्याच्या सुटीत येथे आला. तेराव्या वर्षी शाळा सोडून तो नगरपालिकेच्या कचेरीत पोऱ्या म्हणून लागला होता. तो नेमका ऑरेस्ट हेडवर चढला, समोरचे सरोवर आणि डोंगरांच्या रांगा त्याने पाहिल्या, आणि त्या दिवसापासून तो त्या मुलखाचा झाला. तोच वेनराइट. कवीला ज्याच्या येण्याची धास्ती होती, तो हाच माणूस!

१९४१ मध्ये त्याने केंडलला नोकरी धरली. १९५२ मध्ये पुस्तकाला हात घातला आणि १९५५ ते १९६६ ह्या काळात सात भाग काढून २१४ डोंगरांचे वर्णन पुरे केले. मोटार नव्हती, सुटीच्या दिवशी बसने जायचे, चढायचे, संध्याकाळी घरी येऊन लिहायचे. लिहायचे म्हणजे अक्षरशः: चित्रे, नकाशे आणि मजकूर सारे त्याच्या हातचे, आणि तीच पाने जशीच्या तशी छापलेली. शंभरएक पाने लिहून झाल्यावर ओळींची उजवी कड वेडीवाकडी येते आहे असे त्याला दिसले. त्याने ती सगळी पाने रद्द केली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. मुलांच्या वह्या तपासण्यात ज्याचा जन्म जात आहे, अशा माझ्यासारख्याने ह्यावर काय बोलावे?

त्याची रीत साधी आहे. डोंगर कोणकोणत्या बाजूंनी चढावा, माथ्यावरून काय काय दिसते, शेजारच्या डोंगरावर धारेने कसे जावे, उतरावे कुठून. दलदल कुठे आहे आणि धुक्यात वाट कुठे चुकते, हे तो आवर्जून सांगतो. स्वतःच्या आवडीनिवडी लपवत नाही, पण त्या आपल्या म्हणून सांगतो. क्वचित एखाद्या चित्रात तो स्वतः दिसतो, तोही पाठमोरा. सात भागांपैकी एक त्याने दगडी कुंपणे रचणाऱ्यांना अर्पण केला आहे, एक मेंढ्यांना, आणि एक स्वतःच्या दोन पायांना.

दोषही सांगितले पाहिजेत. वेनराइटच्या डोंगरात माणूस फारसा भेटत नाही. कुंपणे रचणाऱ्यांना तो मान देतो, पण कुंपणाच्या आत राहणाऱ्यांच्या घरात डोकावत नाही. तेथे वर्ड्‌स्वर्थ त्याच्या कितीतरी पुढे आहे. आणि कवीची भीती अगदीच खोटी नव्हती, हेही कबूल करावे लागते. लाखो पावलांनी झिजलेल्या त्या पायवाटा दुरुस्त करण्यासाठी आज स्वयंसेवक डोंगरावर राबतात. त्या पावलांत वेनराइटची पुस्तके घेऊन आलेली पावले थोडी नसतील. एवढे असूनही मी कौल देतो तो वेनराइटच्या बाजूने. तसा तो का, ते सांगण्यासाठी मला स्वतःविषयी थोडे बोलावे लागेल.

आमच्या गावापासून दोन कोसांवर एक धबधबा आहे. काही वर्षांपूर्वी एका कादंबरीत मी त्याचे वर्णन केले, नावही बदलले नाही. पुढे माणसे येऊ लागली. कातळावर बाटल्या फुटल्या, झाडांना पिशव्या लटकल्या. माझा जीव तुटू लागला. एका रविवारी, भाद्रपदात, चार पोरे शाळेपाशी थांबली. कारखान्यात कामाला असावीत. अंगावर तेच निळे कपडे होते. त्यांतला एक म्हणाला, “सर, धबधब्याला वाट कुठून?” मी म्हटले, “आता तिथे पाणी नाही.” पोरे परत फिरली. पाणी त्या दिवशी दणाणत होते.

मी जागा वाचवली, असे तेव्हा स्वतःला सांगितले. पण त्या पोरांच्या हातात बाटली नव्हती. मी त्यांचे कपडे पाहिले आणि ठरवले. वर्ड्‌स्वर्थची पत्रांची हकीकत वाचताना माझे कान तापले ते ह्यामुळे. त्या चौघांत एखादा वेनराइट होता की नाही, हे कळण्याची सोयच मी ठेवली नाही. आवड जोपासावी लागते हे कवीचे म्हणणे मला मान्य आहे. पण जोपासायची ती कुठे, तर त्या डोंगरावरच ना? वेनराइटचे प्रेम एका सकाळी जडले आणि ते निभावायला त्याने तेरा वर्षे खर्च केली. १९९१ मध्ये तो वारला, तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा हेस्टॅक्स ह्या त्याच्या आवडत्या डोंगरावर नेऊन विखुरली.

तेव्हा ह्या सुटीतही आम्ही कुठे जाणार नाही. मी वही घेऊन त्या धबधब्याच्या वाटेचा नकाशा काढायला बसलो आहे. ओढा कुठे ओलांडायचा, शेवाळ कुठे आहे, कुणाच्या भातातून जायचे नाही, कचरा परत कसा न्यायचा. शाळा उघडली की तो फाटकाशेजारच्या फळ्यावर लागेल. उजवी कड मात्र अजून सरळ येत नाही.