पाटी एक झाली, कार्यशाळा एक झाली का?

पुण्यात शिक्षणसंस्थांच्या गप्पा निघाल्या की ‘बहुविद्याशाखीय’ हा शब्द हमखास येतो. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तो सगळ्यांच्या तोंडी बसवला. संस्था एकत्र याव्यात, मोठं विद्यापीठ व्हावं, मग डिझाइनचा विद्यार्थी इंजिनिअरिंगच्या आणि व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांशेजारी बसेल, अशी ती कल्पना. दाखला म्हणून फिनलंडच्या आल्टो विद्यापीठाकडे बोट दाखवलं जातं. आज आम्ही तोच दाखला जरा उलटून पाहणार आहोत.

2010 साली हेलसिंकी परिसरातली तीन विद्यापीठं एक झाली: एक तंत्रविज्ञानाचं, एक अर्थशास्त्र-व्यापाराचं आणि एक कला व डिझाइनचं. आल्टो तयार झालं. इतकं सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याआधीचं कुणी सांगत नाही. या तिघांनी मिळून डिझाइन-व्यवसाय व्यवस्थापनाचा संयुक्त अभ्यासक्रम 1995 सालीच सुरू केला होता. ‘डिझाइन फॅक्टरी’ नावाची सामायिक कामाची जागा 2008 साली उघडली. म्हणजे पंधरा वर्षं एकत्र काम झालं आणि मग पाटी बदलली. आपल्याकडे आधी अधिसूचना निघते, पाटी लागते, बोधचिन्ह ठरतं. एकत्र काम काय करायचं, ते नंतर बघू!

आल्टोचीही किंमत बघा. कलाशाळेची परंपरा 1871 पासूनची. विलीनीकरणानंतर ती सहा शाखांपैकी एक झाली आणि उरलेल्या पाचांपैकी चार तंत्रविज्ञानाच्या. 2012 साली वास्तुकला तिला येऊन मिळाली, हा फायदाच. पण बरोबरीच्या तीन भावंडांत असणं वेगळं आणि सहांतलं एक असणं वेगळं. घर मोठं झालं की धाकट्याचा आवाज कुणाला ऐकू येतो?

आता मुंबईकडे या. जे. जे. मध्ये 1857 पासून चित्र, शिल्प, पुढे वास्तुकला आणि उपयोजित कला एकाच छत्राखाली वाढल्या. 1958 साली त्यांच्या तीन संस्था झाल्या. 2023 साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा आला आणि कला, वास्तुकला, डिझाइन हे तिन्ही शब्द एका नावात पुन्हा बसले. चांगलंच झालं. पण मधल्या पासष्ट वर्षांत वेगळ्या झालेल्या सवयी नावाने जुळत नाहीत.

याउलट र. कृ. जोशी आठवा. शिकले जे. जे. मध्ये, शिकवलं पवईच्या आयआयटीत. संगणकावर आपण वर्षानुवर्षं मराठी ज्या ‘मंगल’ अक्षरांत वाचली, ती त्यांची. बोरूचा हात आणि संगणकाचं तंत्र तिथे भेटलं, ते काही विलीनीकरणामुळे नव्हे. माणसाला एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला वाट मिळाली, म्हणून.

म्हणून आम्ही विद्यापीठाची पाटी वाचत नाही, तीन साधे प्रश्न विचारतो. दोन विभागांचं वेळापत्रक जुळतं का? दुसऱ्या विभागात केलेल्या कामाचे गुण आपल्या गुणपत्रिकेत येतात का? आणि संध्याकाळी सहानंतर कार्यशाळेची किल्ली कुणाकडे असते? तिन्हींची उत्तरं नीट असतील, तर विलीनीकरण कागदावरही करा. नसतील, तर कुलगुरू एक असून काय उपयोग?

आपल्या शिवाजीनगरचं इंजिनिअरिंग कॉलेज 1854 सालचं, 2022 पासून स्वतः विद्यापीठ. नदी ओलांडली की कसबा पेठेतली तांबट आळी, जिथे आजही तांब्यावर हातोडी पडते. डिझाइनच्या मुलाने सकाळी आळीत ठोके ऐकावेत आणि दुपारी धातूच्या प्रयोगशाळेत त्याच पत्र्याची चाचणी घ्यावी. याला कायदा लागत नाही. लागते ती दोन प्राध्यापकांची तयारी आणि वेळापत्रकातली एक मोकळी दुपार. ती दुपार कोण देणार, एवढंच तुमच्या संस्थेत विचारा.