रान आहे, शिकार आहे, थरार कुठे आहे?

28 एप्रिल 1819. पेशवाई बुडून अजून वर्षही झाले नव्हते. मद्रास इलाख्याच्या घोडदळातला जॉन स्मिथ हा अधिकारी वाघाच्या शिकारीसाठी अजिंठ्याच्या डोंगरात आला होता. वाघूर नदीच्या वळणावर झाडोऱ्यात दडलेले लेण्याचे तोंड त्याला एका गुराखी पोराने दाखवले, असे सांगतात. दहाव्या लेण्यातल्या चित्रावर स्मिथने आपले नाव आणि तारीख कोरून ठेवली. लेण्यात तेव्हा पाचेक फूट दगडमाती साचलेली होती आणि तिच्यावर उभे राहून त्याने हे कोरले. त्यामुळे ती अक्षरे आज पाहणाऱ्याच्या डोक्याच्याही वर दिसतात.

जगाला अजिंठा मिळाला, तो असा एका शिकारीच्या सहलीतून. पण त्या सहलीची गोष्ट मराठीत कोणी लिहिली नाही. हाकारे कोण होते, वाघाचे काय झाले, परक्या मुलखात उन्हाच्या कारात ती माणसे पाण्यावाचून कशी तगली, हे प्रश्न कोणाला पडले नाहीत. मराठी कलेने त्या डोंगरातून उचलली ती प्रेमकथा. ना. धों. महानोरांनी चित्रकार रॉबर्ट गिल आणि पारो यांच्यावर ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य लिहिले आणि त्यावरून नितीन चंद्रकांत देसाई यांनी 2012 साली चित्रपट केला. गिल स्वतः वाघांचा नावाजलेला शिकारी होता, पण पडद्यावर रान राहिले ते गाण्यांमागचा देखावा म्हणून.

मित्रांची टोळी शिकारीला किंवा रानातल्या सहलीला जाते आणि परतताना ती टोळीही उरत नाही, मैत्रीही उरत नाही, हा जागतिक सिनेमातला कसदार प्रकार आहे. जॉन बूरमनच्या ‘डिलिव्हरन्स’मध्ये (1972) शहरी पांढरपेशे चार मित्र नदीत होड्या घालतात आणि त्यांच्यातल्या एकाच्या बाणाने माणूस मरतो. ‘कॅलिबर’मध्ये (2018) स्कॉटलंडच्या डोंगरात हरणावर झाडलेली गोळी एका मुलाला लागते. पुढचा सगळा सिनेमा लपवालपवीचा आहे आणि तो पाहताना घसा कोरडा पडतो. या प्रकारात जनावर हे निमित्त असते. खरा माग काढायचा असतो तो माणसाचा.

मराठीत रानाचे लेखन थोडेथोडके नाही. तरुणपणी बंदूक घेऊन हिंडलेल्या व्यंकटेश माडगूळकरांनी पुढे रान वाचले ते वही-पेन्सिल घेऊन. ‘सत्तांतर’मधली वानरांची टोळीयुद्धे आजही अंगावर येतात. मारुती चितमपल्लींनी वनखात्यातल्या नोकरीचे सोने केले. पण या दोघांच्या रानात निवेदक जाणता असतो. त्याला पायवाट ठाऊक असते, पक्ष्याचा इशारा कळतो, पाणवठा कुठे आहे हे माहीत असते. ज्याला रान कळते, त्याच्यापासून थरारकथा सुरू होत नाही. ती सुरू होते वाट चुकलेल्या, स्वतःवर नको तेवढा भरवसा असलेल्या माणसापासून. आपल्या साहित्याने रानावर प्रेम केले, पण रानाची भीती कथेत पुरती मुरवली नाही.

चित्रपटांचेही तेच. ‘टिंग्या’त (2008) बैल जायबंदी होतो तो बिबट्यासाठी केलेल्या खड्ड्यात पडून, पण कथा लगेच शेतकऱ्याच्या घराकडे वळते. ‘आजोबा’ (2014) माळशेजहून मुंबईकडे चालत गेलेल्या खऱ्या बिबट्यावर बेतलेला आहे. त्याचा विषय अभ्यासाचा आहे, जीव वाचवण्याचा नाही. ‘वळू’ने (2008) डुरक्या नावाच्या वळूला पकडण्याच्या मोहिमेतून खळखळून हसवले. छत्रपाल निनावे यांचा ‘घात’ मात्र निराळा. 2023 साली बर्लिन चित्रपट महोत्सवाच्या पॅनोरमा विभागात दाखवलेल्या या चित्रपटात माओवादी पट्ट्यातले जंगल माणसांच्या संशयाला खतपाणी घालते. तिथे अंधारात कोण कोणाचा, हेच कळत नाही. तरी ती माणसे युद्धात अडकलेली आहेत, हौसेने रानात गेलेली नाहीत.

मराठीतली सर्वोत्तम शिकार नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (2013) आहे. जब्या आणि पिऱ्या गलोल घेऊन काळ्या चिमणीमागे बाभळबनात हिंडतात. दोन मित्रांची शिकारीची सहलच ती. मग शेवटाकडे डुकराचा पाठलाग येतो. शाळेशेजारी जब्याचे कुटुंब फास घेऊन धावते आहे, शाळेतली पोरे बघून हसताहेत, जब्या आडोसा शोधतो आहे. डुक्कर हाताशी येते आणि नेमके राष्ट्रगीत सुरू होते. सगळे जागच्या जागी थिजतात, जनावर निसटते. शिकारीतला ताण इथे शिगेला पोहोचतो, कारण सावज कोण हे प्रेक्षकाला कळलेले असते. हे सगळे उघड्या माळावर, दिवसाढवळ्या घडते, ही त्यातली सर्वांत मोठी शिकवण आहे. दाट हिरव्या जंगलावाचून थरार नाही, हा समज मंजुळ्यांनी पुसून टाकला.

कार्लोस साउराने हेच स्पेनमध्ये करून दाखवले होते. ‘ला काझा’त (1966) जुने मित्र सशांच्या शिकारीसाठी भाजून निघालेल्या दरीत जातात. तिथेच कधीकाळी यादवी युद्ध झालेले असते. ऊन, दारू आणि जुनी येणी यांतून शेवटी एकमेकांवर गोळ्या सुटतात. साउराला बर्लिनमध्ये दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले. ही दरी पाहताना मराठवाड्याच्या माणसाला कन्नड-सोयगावचे डोंगर आठवल्यावाचून राहत नाहीत.

गौताळा-औट्रमघाट अभयारण्य छत्रपती संभाजीनगरहून शंभर किलोमीटरच्या आत आहे. एप्रिलमध्ये तिथली पानगळीची झाडे निष्पर्ण होतात, ओढे आटतात आणि जनावर व माणूस एकाच पाणवठ्याच्या आशेवर राहतात. 2021 साली टिपेश्वरहून तीनशेहून अधिक किलोमीटर चालत आलेला वाघ तिथल्या कॅमेऱ्यात टिपला गेला. त्यापूर्वी कित्येक दशके इथे वाघ नव्हता. आणखी एक गोष्ट कथाकाराच्या पथ्यावर पडणारी आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली परवानगीवाचून शिकार हा गुन्हा आहे. रात्री चोरून रानडुकराच्या मागे गेलेल्या चार मित्रांपैकी एकाला गोळी लागली, तर मदतीला हाक कोणाला मारणार? पोलिसांना कळवले तर तुरुंग, न कळवले तर मित्राचा जीव. पटकथेचा पेच कायद्यानेच आयता विणून दिला आहे.

‘मंजुम्मेल बॉईज’ने (2024) मल्याळममध्ये गुहेतल्या खोल खड्ड्यात पडलेल्या मित्राची 2006 सालची खरी घटना घेतली आणि 200 कोटींच्या पुढे मजल मारली. तेव्हा असा सिनेमा चालत नाही, ही सबब आता उरलेली नाही. अडचण आहे ती आपल्या बोलघेवड्या पटकथांची. आपली पात्रे संकटातही नाटकाच्या दिवाणखान्यात असल्यासारखी बोलत राहतात. रानात माणूस कुजबुजतो, आणि बराच वेळ काहीच बोलत नाही.

छत्रपती संभाजीनगरात विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे, अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव आहे, कॅमेरा घेऊन धडपडणारी पोरे आहेत. त्यांनी मुंबईच्या निर्मात्याची वाट पाहू नये. एका उन्हाळ्यात वनखात्याची परवानगी काढून, स्थानिक वाटाड्या सोबत घेऊन त्या डोंगरात आधी नुसते राहावे. ध्वनिमुद्रण करणारा पहिल्या दिवसापासून बरोबर न्यावा आणि संवाद सगळ्यांत शेवटी लिहावेत.