बाळपणाच्या पुढची पुस्तकं

बाळाला डाउन सिंड्रोम आहे असं कळलं की इंग्रजी वाचणाऱ्या आईवडिलांना कोणीतरी हमखास 'वेलकम टू हॉलंड' पाठवतं. एमिली पर्ल किंग्जली यांनी १९८७ साली लिहिलेलं हे टिपण जेमतेम पानभराचं आहे. इटलीला निघालेले प्रवासी हॉलंडला उतरतात आणि हळूहळू तिथलं सौंदर्य त्यांना दिसू लागतं. हादरलेल्या माणसाला ते खरोखरच धीर देतं. पण मूल शाळेत जाईल, वयात येईल, तेव्हा काय करायचं, याबद्दल त्यात अवाक्षर नाही. या विषयावरचं बरंचसं लेखन असं पहिल्या वर्षातच घुटमळतं.

त्याची मुळं जुनी आहेत. अभिनेत्री डेल इव्हान्स रॉजर्स यांनी 'एंजल अनअवेअर' हे पुस्तक १९५३ साली लिहिलं, ते दोन वर्षांचीही न होता गेलेल्या आपल्या मुलीवर. अशा मुलांना संस्थेत ठेवून विसरून जा, असं डॉक्टरच सांगत, त्या काळात हे धाडसच होतं. मात्र मुलीची देवदूत झाली आणि पुढे अनेक आईवडिलांनी तोच सूर धरला. तो मोडला मायकेल बेरूबे यांनी. 'लाइफ अ‍ॅज वी नो इट' (१९९६) मध्ये त्यांचा जेमी हट्टी, खोडकर, शिकणारा मुलगा आहे, आणि त्याच्या निमित्ताने ते शाळा, कायदा, जनुकशास्त्र यांनाही प्रश्न विचारतात. आईवडिलांच्या लेखनात मला हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

तरी एकच पुस्तक घ्यायचं झालं तर मी पॅट्रिशिया ओलवाइन यांचं वाचन शिकवण्यावरचं पुस्तक (१९९५) घ्यायला सांगेन. डाउन सिंड्रोम असलेल्या बहुतेक मुलांना ऐकून लक्षात ठेवण्यापेक्षा पाहून लक्षात ठेवणं सोपं जातं. म्हणून ओलवाइन अक्षरांपासून सुरुवातच करत नाहीत. मुलाचं स्वतःचं नाव, आई, बाबा, आवडता खाऊ असे अख्खे शब्द कार्डांवर लिहायचे. आधी सारखी कार्डं जुळवायची, मग सांगितलेलं कार्ड उचलायचं, शेवटी वाचायचं. स्पष्ट बोलता न येणारं मूलही असं वाचू लागतं, आणि वाचलेले शब्द बोलण्यातही येऊ लागतात. देवनागरीत हे आजच करता येईल. त्याला खर्च फक्त पुठ्ठ्याचा.

डाउन सिंड्रोम असलेल्यांनी स्वतः लिहिलेलंही वाचावं, जसं नायजेल हंटचं आत्मकथन. त्याला आईने घरी वाचायला शिकवलं, त्याने स्वतः टाइप केलं आणि १९६७ साली पुस्तक निघालं. किंग्जलींचा मुलगा जेसन आणि त्याचा मित्र मिचेल लेविट्झ यांचं 'काउंट अस इन' १९९४ मधलं. दोघं शाळा, लग्न, नोकरी, मरण यांवर मोकळेपणी बोलतात.

खरी उणीव प्रौढपणाची आहे. अमेरिकेत डाउन सिंड्रोम असलेल्यांचं सरासरी आयुर्मान १९८३ मध्ये २५ वर्षं होतं, आज ते साठीच्या घरात आहे. मॅग्वायर आणि चिकोइन यांचं २००६ सालचं प्रौढांच्या मानसिक आरोग्यावरचं पुस्तक म्हणूनच महत्त्वाचं. स्वतःशी बोलणं हे वेड नव्हे. वागणं अचानक बदललं तर आधी थायरॉइड, झोप, कान तपासा, असं ते ठामपणे सांगतात.

आपल्याकडे जयवंत दळवींच्या 'नातीगोती' नाटकाने मतिमंद मुलाच्या आईवडिलांची घालमेल रंगमंचावर आणली. आता अनुभवाचं, तपशिलाचं गद्य हवं: अठरा वर्षांनंतरचं कायदेशीर पालकत्व, 'निरामय' ही सरकारी आरोग्य विमा योजना, काम, आपल्यामागे कोण. ज्यांची मुलं आज तिशी-चाळिशीत आहेत, त्या आईवडिलांनी हे मराठीत लिहावं आणि प्रकाशकांनी ते आवर्जून मागून घ्यावं.