तळटीप कोणासाठी?

मराठीतील पीएच.डी.चा प्रबंध हाती आला की मी आधी शेवटची पाने उघडतो. संदर्भसूची आडनावांप्रमाणे लावलेली असते, स्वल्पविराम जागच्या जागी असतात, ग्रंथनामे तिरप्या ठशात असतात. मग एखादी तळटीप धरून मूळ ग्रंथाकडे निघावे, तर वाट मध्येच तुटते.

तुकोबांचेच घ्या. ‘तुकाराम गाथा, अभंग क्र. अमुक’ एवढी नोंद आपल्याकडे पुरेशी मानतात. पण गाथा कोणती? विष्णुबुवा जोगांनी संपादिलेली, की इंदुप्रकाश छापखान्याच्या प्रतीवर आधारलेली 1950ची सरकारी? दोन्हींतले क्रमांक जुळत नाहीत, पाठही जागोजागी वेगळे आहेत. अभंगातल्या एका शब्दावर अख्खे प्रकरण उभे असेल, तर तो शब्द कोणत्या गाथेत आहे हे सांगणे म्हणजे काही उपचार नव्हे. तोच पुरावा असतो.

फुल्यांच्या बाबतीत प्रकार आणखी नाजूक होतो. ‘फुले, 1873’ असे लिहून पुढे पृष्ठांक दिलेला असतो. वर्ष ‘गुलामगिरी’च्या पहिल्या प्रकाशनाचे, पृष्ठांक मात्र समग्र वाङ्मयाचा. त्यातही 1969ची कीर-मालशे यांची आवृत्ती वेगळी आणि य. दि. फडके यांनी सिद्ध केलेली 1991ची वेगळी. वाचकाला वाटावे की अभ्यासकाने पहिली आवृत्ती पाहिली! वास्तविक एपीए पद्धतीत 1873/1991 अशी दोन्ही वर्षे देण्याची सोय आहे. म्हणजे दोष परक्या पद्धतीला देऊन सुटता येत नाही. आपण तिच्यातली विरामचिन्हे तेवढी उचलली.

यामागे मला धाक दिसतो, जिज्ञासा दिसत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018च्या नियमांनुसार 10 टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ समजतात. प्रबंधात 60 टक्क्यांहून अधिक निघाले तर नोंदणीच रद्द होते. चोरीला आळा बसावा, याबद्दल दुमत नाही. पण यंत्र मोजते ते शब्दांचे साम्य. न पाहिलेल्या ग्रंथाचा हवाला स्वतःच्या शब्दांत दिला, तर यंत्राला तो निर्दोषच दिसणार. राजवाड्यांच्या खंडांतले पत्र एखाद्या नंतरच्या इतिहासकाराच्या पुस्तकातून उचलायचे आणि तळटिपेत थेट ‘राजवाडे’ लिहायचे, ही रीत तर इतकी रुळली आहे की तिला कोणी नाव ठेवत नाही. शेकडो पत्रांतून नेमके तेच निवडण्याची मेहनत त्या मधल्या माणसाची. त्याचा मात्र मागमूस नाही. त्याने वाचनात चूक केली असेल तर तीही राजवाड्यांच्या माथी बसते. ‘उद्धृत’ हा एक शब्द लिहिला असता तर दोघांनाही न्याय मिळाला असता. तोंडी परीक्षेत परीक्षकाने सूचीतला एक ग्रंथ टेबलावर ठेवावा आणि उमेदवाराला म्हणावे, ‘तुमचे पान काढा.’ पाच मिनिटांचे काम आहे. (परीक्षकाने स्वतः तो ग्रंथ पाहिलेला असणे, ही अर्थात पूर्वअट.)

छापील ग्रंथांची ही गत, तर मौखिक साहित्याचे विचारूच नये. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात गाणाऱ्या बायांची नावे आणि गावे नोंदलेली आहेत. खेड्यातल्या, बहुतेक शाळेचे तोंड न पाहिलेल्या बायांना इतक्या गांभीर्याने नावानिशी नोंदवण्याचे काम आपल्याकडे फारच थोड्यांनी केले. अशी ओवी प्रबंधात येते तेव्हा खाली ‘लोकगीत’ एवढाच शब्द असतो. त्याच पानावर त्या ओवीचा अर्थ सांगणाऱ्या प्राध्यापकांचे नाव, ग्रंथ, प्रकाशक, वर्ष आणि पृष्ठांक, सगळे बिनचूक दिलेले असते.