राजाचा पुतळा, व्यापाऱ्याची सही

राजाचा पुतळा दिसला की आपण आधी चेहरा बघतो. माझं म्हणणं, आधी पैसा कोणाचा ते विचारावं. रोममध्ये सांता मारिया माज्जोरे या चर्चच्या ओसरीत स्पेनच्या चौथ्या फिलिपचा ब्राँझचा पुतळा आहे. स्पेनचा राजा तिथे कसा? त्याने चर्चला सिसिलीतलं उत्पन्न लावून दिलं होतं, त्याची ही आठवण. म्हणजे देणारा राजाच.

आपल्या भायखळ्यात हिशेब उलटा आहे. राणीच्या बागेच्या आवारात दोन पुतळे बघा. भाऊ दाजी लाड संग्रहालयात मॅथ्यू नोबलने घडवलेला संगमरवरी प्रिन्स अल्बर्ट; देणगी डेव्हिड ससून यांची. बाहेर बागेत घोड्यावर बसलेला युवराज एडवर्ड, म्हणजे मूळचा ‘काळा घोडा’. शिल्पकार जोसेफ एडगर बोम, साल १८७९. देणगी डेव्हिड यांचे चिरंजीव अल्बर्ट ससून यांची. बापाने राणीच्या नवऱ्याचा पुतळा दिला, मुलाने राणीच्या मुलाचा!

हे घराणं बगदादी ज्यूंचं. चीनशी अफूचा व्यापार, आणि त्याला आधार इंग्रजी सत्तेचा. १८५३ मध्ये डेव्हिड ब्रिटिश प्रजाजन झाले, तेव्हा त्यांनी सही केली ती हिब्रूत. मुलाचं नाव अब्दुल्ला. त्याचे पुढे अल्बर्ट झाले, १८७२ मध्ये ‘सर’ झाले, १८९० मध्ये बॅरोनेट. युवराजाच्या १८७५-७६ च्या भेटीची आठवण म्हणून दिलेला हा घोडा याच वाटेवर उभा आहे.

आता शिल्प म्हणून बघू. त्याच फिलिपचा माद्रिदमधला पुतळा पिएत्रो ताकाचा. त्यात घोडा मागच्या दोन पायांवर उभा ठाकलाय, सगळा बरोक आवेश त्यात आहे. बोमचा घोडा उधळत नाही. स्वार सैनिकी पोशाखात आहे, पण लढाईला नव्हे, पाहणीला आल्यासारखा. मला हे अचूक वाटतं. व्यापाऱ्याला पराक्रमी राजा नको असतो, स्थिर राज्य हवं असतं.

१९६५ मध्ये पुतळा फोर्टातून इथे आला. चौकाला मात्र नाव राहिलं घोड्याचंच; राजाचं नाही, दात्याचंही नाही. २०१७ मध्ये तिथे नवा घोडा बसवला, स्वाराविना. अनेकांना ते आवडलं. मला थोडं खटकतं. स्वार उतरवला, ठीक. पण त्याच्याबरोबर अफू, देणगी, किताब हा सगळा जमाखर्चही पुसला गेला. तो वाचायचा असेल, तर भायखळ्यालाच यावं लागतं.