'सोंगाड्या' : हसावे कोणाला?

दादा कोंडके यांचे नाव निघताच आपल्या धर्मग्रामांतील पुष्कळ पालक द्व्यर्थी संवाद आठवून नाक मुरडतात. त्यांच्या पुढील चित्रपटांबाबत ही तक्रार रास्त आहे. तथापि वसंत सबनीस यांनी लिहिलेला १९७१ चा 'सोंगाड्या' आम्हांस त्याहून निराळा व अधिक धाडसी वाटतो.

भोळा नाम्या तमाशाच्या नादी लागतो. संतापलेली आई त्याला घराबाहेर काढते. आसरा देते ती तमाशातील कलावती. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात बाप वाट पाहत असतो; येथे अब्रूदार घराचे दार मिटते आणि जिला समाज हलकी लेखतो, तिचे उघडते.

अमेरिकेत मेल ब्रूक्स यांनी 'ब्लेझिंग सॅडल्स'मध्ये (१९७४) विनोदाचे हेच शस्त्र वर्णद्वेषावर उगारले. चर्चमध्ये जमून गाणारे गोरे गावकरी नवा शेरीफ कृष्णवर्णीय आहे हे दिसताच बंदुका रोखतात. हसे होते ते शेरीफचे नव्हे, त्या भाविकांचे. 'सोंगाड्या' इतका थेट नाही. तमाशामागची जातिव्यवस्था तो ऐरणीवर आणीत नाही. ही त्याची मोठी उणीव होय.

तरीही ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या आमच्या कुटुंबांनी तो पाहावा आणि स्वतःस विचारावे : आपण हसतो ते नाम्याच्या भोळेपणाला, की त्याच्यावर दार लावणाऱ्या प्रतिष्ठेला? घरकामाच्या बाईसाठी वेगळी कपबशी ठेवणाऱ्या घरात हे दुसरे हसू सहजी उमटणार नाही.