‘ट्वायलाइट’ : निनावी रक्तावरची प्रेमकथा

स्टेफनी मायर या अमेरिकन लेखिकेची ‘ट्वायलाइट’ ही कादंबरी २००५ साली प्रसिद्ध झाली. २००८ पर्यंत तिचे ‘न्यू मून’, ‘एक्लिप्स’ आणि ‘ब्रेकिंग डॉन’ असे आणखी तीन भाग आले. या मालिकेच्या जगभर दहा कोटींहून अधिक प्रती खपल्या, तिच्यावर पाच चित्रपट निघाले. बेला ही सतरा वर्षांची मुलगी आणि एडवर्ड हा व्हॅम्पायर, म्हणजे रक्तावर जगणारा अमर जीव, यांची ही प्रेमकथा आहे. मी शिकवतो त्या महाविद्यालयातील मुली ही पुस्तके एकमेकींकडून मागून वाचतात. त्यांच्यातील बहुतेकींच्या घरी, माझ्या घरच्याप्रमाणेच, आधीच्या पिढीच्या हाती पुस्तक आलेले नव्हते. म्हणून ही कादंबरी बाजारू ठरवून मोकळे होणे मला मान्य नाही. आपण काय वाचावे हे दुसऱ्यांनी ठरवण्याचा अनुभव आपल्याला पुरेसा आहे. प्रश्न वेगळा आहे. ही कादंबरी वाचकाला कशाला सुंदर म्हणायला शिकवते?

इंग्रजी साहित्यात व्हॅम्पायर रुजला तोच मुळी उमरावाच्या वेषात. जॉन पॉलिडोरीच्या १८१९ मधील कथेतला रक्तपिपासू हा लॉर्ड आहे. ब्रॅम स्टोकरचा १८९७ मधला ड्रॅक्युला हा काउंट आहे, किल्ल्यात राहणारा, भोवतालच्या गावांवर दहशत असलेला. मार्क्सनेही १८६७ च्या ‘कॅपिटल’मध्ये कामगाराच्या श्रमावर पोसणाऱ्या भांडवलासाठी हीच प्रतिमा वापरली. या परंपरेत रक्त पिणाऱ्याला रक्त पिणाराच म्हटले जात होते.

मायर यांनी भीतीच्या जागी मोह आणला. त्याला माझी हरकत नाही. उलट पहिल्या भागात एक मोठी शक्यता आहे. एडवर्डला मुलगा मानणारा डॉक्टर कार्लाइल माणसाचे रक्त पिण्यास नकार देतो. त्याचे कुटुंब जनावरांच्या रक्तावर राहते. तो स्वतः रुग्णालयात माणसांचे प्राण वाचवतो. ज्याची भूकच दुसऱ्याच्या जिवावर भागते अशा बलवंताने स्वतःला आवरायचे, हा कोणत्याही काळातल्या साहित्याला पुरेल असा विषय आहे. नकार हे मूल्य आपल्या साहित्याला परके नाही. हा नकार घराच्या उंबऱ्याबाहेर जातो का, त्याची किंमत कोण देतो, हे लेखिका दाखवील असे वाटते. निराशा होते ती इथे.

‘न्यू मून’मध्ये इटलीतील व्होल्टेरा गावी व्हॅम्पायरांचे सत्ताधारी घराणे राहते. त्यांच्या भक्ष्यासाठी पर्यटकांचा एक जथा फसवून आत आणला जातो. बेला आणि एडवर्ड बाहेर पडत असतात. मागून किंकाळ्या ऐकू येतात. बेला हादरते, रडते. पण मेलेल्यांपैकी एकालाही नाव मिळत नाही, आणि आपणही व्हॅम्पायर व्हावे या तिच्या ध्यासावर त्या किंकाळ्यांचा ओरखडाही उमटत नाही.

‘ब्रेकिंग डॉन’मध्ये तर पडदाच फाटतो. बेलाच्या मुलीला वाचवण्यासाठी जगभरचे व्हॅम्पायर साक्षीदार म्हणून जमवले जातात. त्यांतले अनेक माणसाचे रक्त पिणारे आहेत. यजमान त्यांना एवढेच सांगतात की, शिकार आमच्या परिसरात नको. दूर जाण्यासाठी एडवर्ड त्यांना आपल्या मोटारीसुद्धा देतो. म्हणजे तत्त्व एवढेच उरते की, माणसे मरोत, पण आमच्या गावाबाहेर मरोत. गावाबाहेर काय ढकलले जाते हे आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. या प्रकाराने खरा अस्वस्थ होतो तो जेकब, आदिवासी तरुण. त्याची अस्वस्थता नोंदवून कथा पुढे जाते आणि सुखान्त होते.

‘एक्लिप्स’मध्ये एडवर्डचा मानलेला भाऊ जास्पर आपली पूर्वकथा सांगतो. अमेरिकन यादवी युद्धात तो गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या फौजेत मेजर होता. ती फौज कशासाठी लढत होती, याचा जाब लेखिका त्याला विचारत नाही. मेजरपद हे त्याच्या रुबाबाचे एक भूषण होऊन राहते. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली होती. ते पुस्तक ज्यांच्या घरात आहे त्या वाचकाला हे मौन खटकलेच पाहिजे.

जेकबची जमात कल्पित नाही. क्विल्यूट हे वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर ला पुश येथे राहणारे खरे लोक आहेत. आपण लांडग्यांपासून माणसे झालो, ही त्यांची परंपरागत कथा. व्हॅम्पायरांशी लढण्यासाठी लांडगे होणारे तरुण ही मात्र मायर यांची भर. कादंबरीत व्हॅम्पायर त्यांच्याशी केलेला हद्दीचा करार इमानाने पाळतात. प्रत्यक्षात अमेरिकन सरकारशी १८५५-५६ मध्ये झालेल्या तहानंतर या लोकांच्या वाट्याला सुमारे एक चौरस मैलाची राखीव जमीन आली. १८८९ साली गावकरी हॉप्सच्या तोडणीला मजुरीवर गेले असताना एका गोऱ्या वसाहतवाल्याने त्यांची घरे जाळली. पूर आणि त्सुनामी यांपासून वाचण्यासाठी उंचावरची जमीन मिळायला त्यांना २०१२ च्या कायद्यापर्यंत वाट पाहावी लागली. खरा इतिहास काय आणि कादंबरीने रचलेले काय, हे सिअ‍ॅटलच्या बर्क संग्रहालयाला या जमातीच्या सहकार्याने लोकांपुढे मांडावे लागले. ज्यांची नावे आणि कथा घेतल्या, त्यांचे दुःख तेवढे वगळले.

हा एका लेखिकेचा दोष नाही. बेका फिट्झपॅट्रिक यांच्या २००९ मधील ‘हश, हश’ या कादंबरीचा नायक पॅच हा स्वर्गातून पतन पावलेला देवदूत आहे. त्याने १५६५ साली फ्रान्समधील एका अर्धदेवदूताकडून बळजबरीने निष्ठेची शपथ घेतली आहे. त्या शपथेप्रमाणे दर वर्षी हिब्रू पंचांगातील एका महिन्यात पॅच त्याच्या शरीराचा ताबा घेऊन ते वापरतो. आपल्या भाषेत याला वेठबिगारी म्हणतात. तो वेठबिगार उमराव असला, निर्दय असला, तरी शतकानुशतके देह हिसकावला गेला तो त्याचा. कादंबरीत मात्र तो खलनायक ठरतो आणि वेठ घेणारा प्रियकर ठरतो. नायिकेला मारून आपण माणूस व्हावे, असा बेतही या प्रियकराने आखलेला असतो. तोदेखील प्रेमाच्या खात्यात जमा होतो.

अद्‌भुताला माझा विरोध नाही. आपल्या आयाबायांच्या कहाण्यांत भुते, हडळी, वेताळ होतेच. पावसाळी, परक्या गावात आलेल्या एकट्या मुलीला आपल्याला कोणीतरी निवडावे असे वाटते, ही भूकही खरी आहे. मायर यांची लोकप्रियता तिच्यावर उभी आहे. पण त्या भुकेला उत्तर म्हणून त्या फक्त बलवंतांच्या घरात प्रवेश देतात. बेला अमर होते, देखणी होते, श्रीमंत होते. ज्यांच्या रक्तावर ते जग चालते त्यांच्या बाजूला ती उभी राहत नाही.

ही पुस्तके मुलींच्या हातून काढून घेऊ नयेत. ती वर्गात उघडावीत आणि प्रत्येक प्रकरणानंतर विचारावे : या पानावर कोण मेले, आणि त्याला नाव का नाही? हा प्रश्न विचारण्याची सवय ज्या मुलीला लागेल, ती पुढचे पुस्तक वेगळ्या नजरेने वाचील. तिच्यातली एखादी ते लिहीलही.